बारावीच्या मुलांना एक तरी पुस्तक अख्खं वाचू द्या: इंग्रजी अभ्यासक्रम समित्यांना खुले पत्र

प्रति,
उच्च माध्यमिक इंग्रजी विषयाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि कृतिपत्रिकेचा आराखडा ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात, कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात नवी पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. आज ना उद्या अकरावी-बारावीची पाळी येईल. त्या निमित्तानं शिक्षकांच्या बैठकांत आणि प्रशिक्षणांत एक सूर सारखा कानावर पडतो: इंग्रजी हा कौशल्याचा विषय आहे, त्यात कथा-कवितांचं ओझं कशाला, आणि इंग्रजांचं साहित्य तर आता हवंच कशाला? हा सूर कागदावर उतरून निर्णय होण्याआधी बोललं पाहिजे, असं मला वाटतं. पत्र आपल्या नावे आहे, पण पालकांनी, विद्यार्थ्यांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनीही ते वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

बारावीचं सध्याचं ‘युवकभारती’ २०२० साली आलं. हे पुस्तक वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. त्यात आर. के. नारायण आहेत, सरोजिनी नायडू, दिलीप चित्रे, मामांग दाई आहेत. ब्रिटिश लेखकांपैकी रॉबर्ट साउदीची ‘द इंचकेप रॉक’, बायरनची ‘शी वॉक्स इन ब्यूटी’ आणि डब्ल्यू. एच. डेव्हिस यांची ‘मनी’ या कविता आहेत, ए. जी. गार्डिनर यांचा निबंध आहे, व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘द न्यू ड्रेस’ ही कथा आहे आणि कादंबरी विभागात आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’मधला उतारा आहे. निवड विचारपूर्वक झालेली दिसते. माझी तक्रार आहे ती या निवडीचं परीक्षेत काय होतं आणि त्या परीक्षेपायी वर्गात काय होतं, याबद्दल.

‘इंचकेप रॉक’ घ्या. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून आत समुद्रात, आर्ब्रोथ गावाच्या समोर हा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो. १८०७ ते १८१० या काळात तिथे दीपगृह बांधलं गेलं. साउदीची कविता त्याच्या आधीची. आर्ब्रोथच्या मठाधिपतीनं त्या खडकाजवळ तरंगत्या लाकडावर घंटा बांधलेली असते. लाटांनी ती हलते, वाजते, आणि तिच्या आवाजानं गलबतं वाचतात. सर राल्फ नावाचा समुद्री लुटारू निव्वळ मठाधिपतीला त्रास द्यायचा म्हणून ती घंटा कापून टाकतो. पुढे लूटमार करून गबर होऊन परत येताना धुक्यात वाट चुकतो आणि त्याचं जहाज त्याच खडकावर आपटतं.

माझ्या वर्गात निम्म्याअधिक मुलांच्या घरचं कोणी ना कोणी समुद्रावर जातं. खडप म्हणजे काय, धुकं उतरलं की किनारा कसा दिसेनासा होतो, हे त्यांना मी सांगावं लागत नाही. कविता वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. तो एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. त्यानं मराठीतच विचारलं, “मॅडम, राल्फनं घंटा कापली, पण त्याची होडी वल्हवत खडकापर्यंत नेली कोणी?”

कवितेत ती ओळ आहे. होडी खाली सोडली जाते, वल्हेकरी वल्हवतात आणि ते इंचकेपच्या खडकाकडे जातात. मी ही कविता इतकी वर्षं शिकवते. त्या वल्हेकऱ्यांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मग वर्ग पेटला. एक म्हणाला, तांडेलाचं, म्हणजे होडीच्या प्रमुखाचं, ऐकावंच लागतं, नाहीतर पुढच्या हंगामाला काम कोण देईल. दुसरी म्हणाली, ऐकलं म्हणून तेही बुडाले असणार, पण कवितेत शिव्याशाप राल्फच्याच तोंडी आहेत, बाकीच्यांचं नावसुद्धा नाही. कोणीतरी म्हणालं, कवीला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. घंटा झाली तरी वाद मिटला नाही. त्या मुलाला मी म्हटलं, हे लिहून आण. त्यानं दीड पान आणलं. स्पेलिंग चुकलेली, काळ इकडचे तिकडे, पण मुद्दा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धरलेला: हुकूम मानणाऱ्याची जबाबदारी किती? आणि प्रत्येक मुद्द्याला कवितेतली ओळ काढून दाखवलेली.

आता हीच कविता परीक्षेत आली तर काय होतं ते सांगते. रसग्रहणाला चार गुण. मुद्दे प्रश्नातच दिलेले: कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, काव्यशैली, अलंकार, संदेश, तुमचं मत. बाजारातल्या प्रत्येक गाईडमध्ये या मुद्द्यांखाली तयार वाक्यं आहेत. संदेशाच्या जागी ‘जैसी करणी वैसी भरणी’चा इंग्रजी अवतार. ‘तुमचं मत’ या मुद्द्याखाली मला कविता आवडली कारण ती लयबद्ध आणि बोधप्रद आहे, हे वाक्य. तेच बायरनला, तेच डेव्हिसला. त्या मुलानंही परीक्षेच्या आधी गाईडच पाठ केलं. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला पास व्हायचं आहे. त्याच्या प्रश्नाला आपल्या आराखड्यात जागा नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी आहे. मुलांना साहित्य झेपत नाही, असं आपल्याला सांगितलं जातं. झेपतं. आपली परीक्षा त्यांना ते वाचायला लावत नाही आणि वाचून काय वाटलं ते विचारत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार कृतिपत्रिकेच्या, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या, रचनेची. ऐंशी गुणांची कृतिपत्रिका. गद्य आणि पद्य विभागांत उतारा छापूनच येतो आणि त्याच्याखाली प्रश्न. न वाचलेला उताराही असतो, सारांश असतो, मुद्द्यांची आखणी असते. आकलन तपासण्यासाठी हे ठीक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण याचा परिणाम असा झाला आहे की पुस्तक न उघडता गद्य-पद्याचे गुण मिळवता येतात, आणि मुलांना हे अकरावीच्या दिवाळीआधीच समजतं. छापलेल्या उताऱ्यातून शब्द उचलायचे, चौकटी भरायच्या, चूक-बरोबर सांगायचं. ‘द न्यू ड्रेस’ ही कथा अशा तुकड्यांत कशी शिकायची? मेबलला शिवणाऱ्या बाईंच्या छोट्या खोलीतल्या आरशात आपला पिवळा पोशाख सुंदर दिसतो आणि मिसेस डॅलोवेच्या घरच्या पार्टीत पाऊल टाकताच तोच पोशाख तिला हिडीस वाटू लागतो. बशीत पडलेल्या, पंख ओले होऊन चिकटलेल्या माशीसारखी आपली गत आहे असं तिला वाटत राहतं. या दोन आरशांमधलं अंतर म्हणजे ती कथा. सेंड-ऑफला नवा ड्रेस घालून आलेल्या आणि तालुक्याच्या मुलींपुढे कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माझ्या विद्यार्थिनींना ते अंतर ताबडतोब कळतं. पण त्यासाठी कथा सलग वाचावी लागते. दोन परिच्छेद छापून खाली जाळीचा तक्ता दिला की त्यात मेबल उरत नाही.

दुसरी तक्रार कादंबरी विभागाची, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे. सोळा गुणांच्या या विभागात कादंबरीचा इतिहास आणि तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत. चार गुण वस्तुनिष्ठ कृतींना. बाकी तीन उत्तरं, प्रत्येकी सुमारे पन्नास शब्दांची. कादंबरी या प्रकाराची ओळख व्हावी म्हणून योजलेल्या विभागात एकही कादंबरी वाचावी लागत नाही. इतिहासाचा भाग म्हणजे कोणती कादंबरी कोणाची याच्या जोड्या लावणं. ती कादंबरी पाहिलेलीही नसताना मुलं जोड्या बिनचूक लावतात.

‘द साइन ऑफ फोर’ १८९० साली प्रसिद्ध झाली. पुस्तकातला उतारा मिस मॉर्स्टन, तिच्याकडे दरवर्षी येणारे मोती आणि बेपत्ता वडील या रहस्याभोवती फिरतो. मुलांना शेरलॉक होम्स मालिकांमधून माहीत असतो, त्यामुळे उतारा त्यांना आवडतो. पण ही कादंबरी पुढे कुठे जाते? आग्र्याच्या किल्ल्यात. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत एका राजाचा खजिना लुटणारे चौघे, त्यांतले तिघे हिंदुस्थानी. मग अंदमानची काळ्या पाण्याची वसाहत, तिथले गोरे अधिकारी आणि त्या खजिन्यावर त्यांचाही डोळा. लंडनमधल्या त्या धुक्याच्या रात्रींचं मूळ आपल्या मातीत आहे. आणि त्याच कादंबरीत अंदमानी माणसाचं चित्र असं रंगवलं आहे की तो माणूसच वाटू नये. होम्स एका ग्रंथातून त्या लोकांचं वर्णन वाचून दाखवतो आणि ते वर्णन शास्त्र म्हणून पुढे येतं. राज्य करणाऱ्यांना राज्यातली माणसं कशी दिसत होती, हे बारावीच्या मुलाला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच बघायला मिळेल.

रत्नागिरीच्या मुलाला तर याचे धागेदोरे घराजवळच सापडतात. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. म्हणजे लंडनमध्ये ही कादंबरी छापली गेली तेव्हा एक परका राजा आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. अंदमानातून सुटका झाल्यावर सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवलं तेही १९२४ पासून याच जिल्ह्यात. आमची मुलं थिबा राजवाड्याच्या आवारात सहलीला जातात. इतिहासाच्या तासाला अंदमान शिकतात. इंग्रजीच्या तासाला डॉइल शिकतात. या तिन्हींची गाठ घालणारं एक पान लिहा, असं त्यांना बारावीपर्यंत कोणी सांगत नाही. पन्नास शब्दांत मिस मॉर्स्टनचं स्वभावचित्र मात्र सगळे लिहितात, आणि सगळ्यांचं सारखंच असतं.

इंग्रजांचं साहित्य कशाला, या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. ब्रिटिश साहित्य शिकायचं म्हणजे ते डोक्यावर घ्यायचं, असं मी मानत नाही. त्यातलं जे उत्तम आहे ते घ्यावं आणि जिथे खटकतं तिथे लेखकाला पुराव्यानिशी जाब विचारावा. दोन्हीसाठी आधी नीट वाचावं लागतं. आपल्याकडे ही परंपरा आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते ‘विकारविलसित’, १८८३ सालचं. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचलं. विंदा करंदीकरांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणलं. केशवसुत आमच्या मालगुंडचे, पेशानं शाळामास्तर. इंग्रजी कविता मन लावून वाचली, त्यातल्या काही मराठीत आणल्या, आणि चौदा ओळींचा तो परका घाट उचलून १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिली. मराठीतलं पहिलं सुनीत, म्हणजे सॉनेट, म्हणून तिचा उल्लेख होतो. वर्षभरानं ‘तुतारी’ आली. इंग्रजी वाचून ही माणसं इंग्रज झाली नाहीत. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, आम्ही मुलांना तिथे नेतो, फोटो काढतो. त्या माणसानं वाचलं तसं वाचायला मात्र त्यांना शिकवत नाही.

तिसरी तक्रार लेखनाची. कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याला सोळा गुण आहेत. चार प्रश्न, प्रत्येकात पर्याय: निरोप, प्रवेशासाठी उद्देशपत्र, गटचर्चा, ई-मेल, अहवाल, मुलाखत, भाषण, सूत्रसंचालन, कल्पनाविस्तार, परीक्षण, ब्लॉग, आवाहन. यादी उपयोगाची दिसते आणि यांतलं बरंच पुढे लागतंही. पण परीक्षेत प्रत्येकाचा साचा ठरलेला आहे. मुलाखतीत फक्त प्रश्न लिहायचे असतात. डॉक्टर असो, खेळाडू असो की शेतकरी, तेच आठ-दहा प्रश्न, व्यवसाय तेवढा बदललेला. सूत्रसंचालनाची सुरुवात आणि आभार पाठ. परीक्षण बहुतेक सिनेमाचं, त्यातला दिग्दर्शक नेहमी कल्पक आणि संगीत नेहमी श्रवणीय. मी उत्तरपत्रिका तपासते तेव्हा एका गठ्ठ्यातली पानं अदलाबदल केली तरी फरक पडू नये, अशी अवस्था असते. या मुलांना लिहिता येत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढू नका. त्यांच्याकडून आजवर कोणी स्वतःचं म्हणणं मागितलेलं नाही.

वाचन एका विभागात आणि लेखन दुसऱ्या, अशी फाळणी केल्यानं हे झालं आहे. वाचलेल्या मजकुरावर सलग तीन परिच्छेद लिहायचे, एक मत मांडायचं, त्याला मजकुरातला आधार द्यायचा आणि आपल्या विरुद्ध जाणारी ओळही प्रामाणिकपणे नोंदवायची, असा एकही प्रश्न बारावीच्या कृतिपत्रिकेत नाही. पुढे कायदा शिकणाऱ्याला, पत्रकाराला, नर्सला, ग्रामसेवकाला, बँकेत अर्ज करणाऱ्या बाईला हेच लागतं: समोरचा कागद नीट वाचणं आणि त्यावर आपलं म्हणणं धड मांडणं. कौशल्याच्या नावाखाली साहित्य कमी करणाऱ्यांनी याचा विचार करावा. यापेक्षा मोठं कौशल्य मला माहीत नाही.

चौथी तक्रार वेळेची आणि गर्दीची. एका तुकडीत ऐंशीच्या वर मुलं. प्रत्येकानं एक पान लिहिलं तर मी ते कधी वाचायचं आणि चुका दाखवून परत कधी लिहून घ्यायचं? विज्ञान शाखेचं तर विचारू नका. सीईटी आणि नीटमध्ये इंग्रजी नाही, त्यामुळे इंग्रजीचा तास सगळ्यांच्या दृष्टीनं फावला. अनेक ठिकाणी क्लासवाल्यांशी जोडलेल्या तुकड्यांत मुलं वर्गात फिरकतच नाहीत, हजेरी मात्र असते. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात तर बारावी विज्ञानाचे इंग्रजीचे तास दुसऱ्या सत्रात सराव परीक्षांना देऊन टाकले. हे आपल्या समितीच्या अधिकारात येत नाही, मला माहीत आहे. पण परीक्षाच जर अशी असेल की तासाला न बसताही गुण मिळतात, तर त्या प्राचार्यांना अडवायचं कोणत्या तोंडानं?

आणखी एक बोच आहे, ती तक्रारीच्या यादीत बसत नाही. याच महाराष्ट्रात सीआयएससीई मंडळाची मुलं अकरावी-बारावीत शेक्सपिअरचं अख्खं नाटक वाचतात आणि त्यावर लांब उत्तरं लिहितात. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला इंग्रजी साहित्य घेणारा विद्यार्थी दोन वर्षांत किमान आठ पुस्तकं वाचतो, त्यातली तीन १९०० पूर्वीची, आणि त्यांत शेक्सपिअरचं एक नाटक असावंच लागतं. वीस टक्के गुण परीक्षेबाहेर लिहिलेल्या दीर्घ लेखनाला असतात. तिथे हा ऐच्छिक विषय आहे, आपल्याकडे वेगवेगळ्या माध्यमांतून आलेल्या लाखो मुलांची भाषा आहे, हा फरक मी विसरलेले नाही. आठ पुस्तकं मी मागतच नाही. पण शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला अख्खं नाटक आणि खलाशाच्या मुलाला दोन परिच्छेद, ही वाटणी आपण मनातून मान्य केली आहे का? केली नसेल, तर ती आराखड्यात दिसू नये.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

बारावीत प्रत्येक विद्यार्थ्यानं एक लहान कादंबरी, एक नाटक किंवा पाच-सहा कथांचा एक संच पूर्ण वाचावा. पाच-सहा पर्यायांची यादी द्या. त्यात भारतीय लेखक असू देत, ब्रिटिश असू देत, निवड महाविद्यालयानं करावी. खर्चाचं कारण इथे लागू होत नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. डॉइल १९३० मध्ये वारले, वुल्फ १९४१ मध्ये. त्यांची पुस्तकं राज्याला कोणालाही पैसे न देता छापता येतील आणि ई-बालभारतीवर मोफत ठेवता येतील. ती सोप्या इंग्रजीत तळटीपांसह दिली तरी चालेल, पण तुकडे करून देऊ नका.

त्या पुस्तकावर परीक्षेत एक मोठा प्रश्न असावा, अडीचशे-तीनशे शब्दांचा, सध्याच्या पन्नास शब्दांच्या तिन्ही उत्तरांच्या जागी. प्रश्न मत विचारणारा असावा आणि पुस्तक परीक्षेत सोबत ठेवायची परवानगी असावी. पाठांतराची कसोटी घ्यायचीच नसेल तर पुस्तक बघायला हरकत काय? जोड्या लावणारा साहित्याचा इतिहास काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक जुन्या मजकुराआधी दोन पानांची खरी पार्श्वभूमी द्या. ‘द साइन ऑफ फोर’च्या आधी १८५७ आणि अंदमान आलेच पाहिजेत, आणि त्या मजकुरातला वर्णद्वेष नाव घेऊन सांगितला पाहिजे.

रसग्रहणाच्या प्रश्नातले तयार मुद्दे काढा. कवितेतली तुम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी एक ओळ निवडा आणि का ते लिहा, एवढा प्रश्न पुरेसा आहे. परीक्षकांसाठीच्या सूचनांत स्पष्ट लिहा की नमुना उत्तराशी न जुळणाऱ्या, पण मजकुराचा आधार दिलेल्या मताला पूर्ण गुण द्यावेत. आज तसं लिहिलेलं नसेल तर परीक्षक धोका पत्करत नाही आणि विद्यार्थी तर मुळीच नाही.

अंतर्गत वीस गुणांपैकी दहा गुण लेखनवहीला द्या. वर्षात चार लेख, प्रत्येकाचा कच्चा खर्डा, शिक्षकाच्या खुणा आणि पुन्हा लिहिलेली प्रत, तिन्ही एकाच वहीत. गुण सुधारणेला. मराठीतून विचार करून इंग्रजीत आणलेला कच्चा खर्डा चालेल, असंही त्यात नमूद करा. आमच्या मराठी माध्यमातल्या मुलांची भीती तिथेच निम्मी होईल. यासाठी आठवड्यातून एक तास तरी भाषेच्या तुकडीचे दोन भाग करायची मुभा आणि तेवढा कार्यभार मंजूर करून घ्या. समितीनं शिफारस केली तर शासनाकडे मागणी करायला आमच्या हाती काहीतरी येईल.

आणि शेवटचं: नव्या आराखड्याचा मसुदा अंतिम करण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलवा. पडद्यामागे शंभर जण बसवून घेतलेल्या ऑनलाइन सत्राला सल्लामसलत म्हणू नका. आमच्याकडे या, एक तास वर्गात मागच्या बाकावर बसा, मुलांना एक कविता वाचून दाखवा आणि ती काय विचारतात ते ऐका. मी तारीख आणि वर्ग आजच राखून ठेवायला तयार आहे. मसुदा जाहीर होईल तेव्हा हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावेत, आणि आलेल्या सूचनांपैकी कोणत्या का नाकारल्या हे लेखी प्रसिद्ध करावं, अशी विनंती.

आपली विश्वासू,
एक इंग्रजी शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय,
रत्नागिरी जिल्हा